कस्तुरीची लाथ

कस्तुरी म्हशीनं अशी लाथ झाडली, की दुधाची चरवी एकीकडे आणि गेनूआप्पा शेणात.

"तुमचे हात म्हणजे नुसती खवणी झालीय, आप्पा," सून हसू दाबत म्हणाली. "तिच्या सडांना बोचतात. थंडीत अंघोळीला कढत पाणी नको, कोमट घ्या आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावा."

"तेलं-मलमं बायकांनी लावावीत!" आप्पा कडाडले. कस्तुरीच्या सडांना मात्र ते स्वतः रोज लोणी चोळत.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथ. मग तर आप्पा नुसते दारात दिसले तरी ती पाय उचलू लागली. शेवटी आप्पांनी मुकाट्यानं गोठलेलं खोबरेल चुलीपाशी वितळवलं, कोमट पाण्यानं अंघोळ केली आणि हातांना तेल चोळलं. कस्तुरीला शंका नको, म्हणून कोपरं, गुडघे, टाचांच्या भेगाही तुळतुळीत केल्या. त्या सकाळी तिनं डोळे मिटून चरवीभर दूध दिलं. थंडीनं सुटलेली आप्पांच्या अंगाची खाजही थांबली, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी तंबाखू मळत ते गोठ्याशी आले, तर आत त्यांची म्हातारी कस्तुरीला गूळ चारत होती.

"जन्मभर सांगून माझं तोंड दुखलं. तू लाथेसरशी ताळ्यावर आणलंस यांना, बयो. आता तेवढं तंबाखूचंही बघ."

कस्तुरीनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

आप्पांनी गपकन मूठ पाठीमागे लपवली.