डोंगराआडची शांतता

"वर्तक, काही ऐकू येतंय?" टिपणिसांनी कानामागे हात धरून विचारले. त्यांची लेक शाल्मली एकटीने ग्लायडर घेऊन डोंगराआड खाली खाली गेली होती आणि वायरलेसही मुका होता.

"तुमच्या विजेच्या मोटरीला आवाज आहे कुठे?" धावपट्टीशेजारी उभे असलेले त्यांचे मित्र वर्तक म्हणाले.

एरवी वाऱ्यावर तरंगणारे ग्लायडर खाली येऊ लागले तर त्याला सावरायला कळ दाबताच फिरणारी निःशब्द मोटर श्रेष्ठ, की पाऊण मिनिटाने जागे होणारे पण दूरवर नेणारे जेट, हा त्यांचा वाद वर्षानुवर्षे चालला होता. जिचे गोडवे गायले ती शांतताच आज टिपणिसांच्या जिवावर उठली होती. मोटर लागली नसेल तर?

"तिला तुमचं जेट द्यायला हवं होतं," ते कसेबसे म्हणाले. "निदान गरजलं तरी असतं."

तेवढ्यात वायरलेस खरखरला. "बाबा, मोटर लावलीच नाही! वर चढणाऱ्या गरम हवेत घार घिरट्या घालताना दिसली, तिच्या मागोमाग त्याच हवेवर वर आले."

"बोला, जेट की मोटर?" वर्तकांनी डिवचले.

एकही वाद अनुत्तरित न सोडणारे टिपणीस वर्तकांकडे वळलेही नाहीत. वायरलेस ओठांशी नेत म्हणाले, "बोलत राहा, पोरी. उतरेपर्यंत बोलत राहा."