वळशाचा बाण

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहान आहे, एका बाणाची आहे. पण लांब बसून ऐकलीत तर निम्मी निसटून जाईल.

डोंगरातल्या पायवाटांवर पांढरे बाण काढणारा एक माणूस होता. सगळे त्याला बाणवालाच म्हणत. पावसाळा सरला की रंगाचा डबा आणि दोन बोटं रुंद ब्रश घेऊन तो पाचही वाटा चालून काढी आणि दगडांवरचे धुऊन गेलेले बाण पुन्हा उजळी. आल्या-गेल्याने पोटभर डोंगर बघावा आणि अंधाराच्या आत सुखरूप उतरावं, एवढंच त्याचं काम. त्या सकाळी त्याच्याबरोबर कचेरीतून आलेल्या तपासणीस बाई होत्या. त्यांच्या हातात लांब दांड्याचं मोजणीचं चाक होतं. ते टिकटिक करत जमिनीवरून पळे, आणि बाईंची नजर त्याच्या आकड्यावरून हलत नसे.

तिसऱ्या वाटेच्या उतारावर, एका दुभंगलेल्या कातळापाशी बाई थांबल्या. सरळ गेलं तर खालचा पूल हाकेवर होता. बाण मात्र डावीकडे वळला होता.

"हा वळसा कशासाठी?"

"तिकडून देखावा चांगला आहे," बाणवाला म्हणाला, पण आपल्याच चपलांकडे बघत. खोटं बोलायची सवय नव्हती बिचाऱ्याला.

बाई म्हणाल्या, बघू या तर मग. देखावा असला तर बाण राहील, नसला तर आजच्या आज पुसायचा. पुसण्यासाठी दिलेला काळ्या रंगाचा डबा बाणवाल्याच्या पिशवीत होताच. तो प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपटत होता.

वळशावर ना दरी होती, ना धबधबा. भोपळ्याचा एक वेल होता, दोरीवर वाळत घातलेली दोन लुगडी होती आणि एका लहानशा घराची भिंत होती. शेवटच्या वळणावर वेलाआड बाणवाला थबकला. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाला, "मी आहे इथंच."

त्या घराच्या पायरीवर त्याची थोरली बहीण बसली होती. आक्का. अकरा वर्षांपूर्वी तिची नजर जायला लागली, तेव्हा तो मायेपोटीच बोलून गेला होता की आता तुझ्याच्यानं एकटीनं व्हायचं नाही, घर विकू आणि माझ्याकडे चल. आक्का म्हणाली, मी अजून जिवंत आहे. माझ्या पायरीला पुन्हा पाय लावू नकोस. त्यानं तो शब्द पाळला. पाय लावला नाही, फक्त बाण वळवला. तेव्हापासून डोंगर उतरणारा जो तो आक्काच्या दारावरून जाऊ लागला. संध्याकाळी पुलापाशी कुणी म्हणालं, "वर पायरीवरच्या आजींनी पाणी दिलं हो," की बाणवाल्याच्या घशाखाली घास उतरायचा.

चाकाची टिकटिक ऐकून आक्कानं तोंड वर केलं. "कोण गं? सायकल ढकलत आलीस की काय डोंगरावरून?"

बाईंना हसू आलं. त्यांनी चाकाचं काम सांगितलं. आक्कानं चाचपडत तांब्या पुढे केला आणि बजावलं, इथलं पाणी तसंच मिळत नाही. वरून काय काय दिसलं ते आधी सांगायचं. येणारा प्रत्येक जण सांगतो. म्हणून तर मला सगळा डोंगर पाठ आहे.

बाईंनी चाकाच्या आकड्याकडे पाहिलं. आकडा सांगता आला असता. दरी त्यांनी पाहिलीच नव्हती.

"मोजत आलीस वाटतं," आक्का समजुतीनं म्हणाली. "असू दे, पी पाणी. पण तुझ्याबरोबर आणखी कुणी होतं ना? पावलं दोघांची येत होती. एक वळणावर राहिलं."

बाईंनी मागे वळून पाहिलं. वेलाआड बाणवाला पिशवी छातीशी धरून उभा होता. देखावा नाही, हे बाईंनी पाहिलंच होतं. आता बाण जाणार, आणि बाणाबरोबर आक्काच्या दाराशी येणारी पावलंही जाणार. मग तो होता तिथूनच बोलू लागला.

"वरून बघितलं तर दरीत धुकं आहे. नदीचं नुसतं एक वळण वर निघालंय, कोयत्यासारखं. समोरच्या डोंगराच्या सोंडेवर, आपण लहानपणी घसरायचो ना, तिथं यंदा पिवळी फुलं आलीत, गुडघ्याएवढी. आणि एक घार आहे. आपल्या खालून उडते, त्यामुळे तिची पाठ दिसते. उन्हात तांबूस."

आक्कानं तांब्या पायरीवर ठेवला आणि आवाजाकडे तोंड वळवलं.

मग ती बाईंना म्हणाली,

"त्याला म्हणावं, तिथून मला नीट ऐकू येत नाही."

बाईंनी चाक वाटेतून बाजूला घेतलं आणि वहीत देखाव्याच्या रकान्यात लिहिलं: आहे.

तर मंडळी, एवढंच. देव तुमच्या गुडघ्यांत बळ देवो. डोंगर उतरताना एखादा बाण उगाच वळलेला दिसला तर कुरकुरू नका, वळा. आणि वर असताना आमच्या आक्काची आठवण ठेवा, चार गोष्टी नीट बघून घ्या. ती विचारेल.