अकरावं मिनिट

सलिल संगमेश्वरहून तिसऱ्यांदा आपला सीपीयू एसटीत मांडीवर घेऊन आला, तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या यज्ञेशने मनाशी पक्कं केलं, की आज दोष सापडल्याशिवाय उठायचं नाही. शर्यतीचा गेम लावला की बरोबर अकराव्या मिनिटाला मशीन बंद पडायचं.

यज्ञेशची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच भाग बदलायचा आणि काढलेला भाग डाव्या हाताला वर्तमानपत्रावर ठेवायचा. आधी रॅम खोडरबराने घासली, मग बदलली. मग पॉवर सप्लाय, ग्राफिक कार्ड, हार्ड डिस्क, शेवटी प्रोसेसरसकट मदरबोर्ड. दर वेळी सलिल खेळायला बसायचा आणि म्हणायचा, "दादा, गेला परत."

दुपारी तीनला कॅबिनेटात सलिलचं असं काहीच उरलं नाही. आतलं सगळं यज्ञेशच्या रोज बिनतक्रार चालणाऱ्या मशीनचं होतं.

अकराव्या मिनिटाला तेही बंद पडलं.

त्या शांततेत घरघर ऐकू आली. वर्तमानपत्रावरच्या जुन्या मदरबोर्डचा पंखा फिरत होता. त्याला एकही वायर जोडलेली नव्हती.

यज्ञेशने दातओठ खात पात्यांवर बोट दाबलं. पंखा थांबला, आणि टेबलावरचं मशीन आपोआप सुरू झालं.

"लाव गेम," तो म्हणाला. "मी बोट काढणार नाय. बघूया कोण दमतं."

अकरा मिनिटं उलटली, तरी गेम चालूच होता. सलिलने हुश्श करून दोन्ही हात मांडीवर ठेवले.

तेवढ्यात बोटाखालची पाती उलट्या दिशेने रेटू लागली.

"दादा," पडद्यावरची नजर न काढता सलिल म्हणाला, "गाडी मागे वळली. आपल्याकडे येतेय. मी कायच दाबलं नाय."