अडचण कळवा

"मी गाडी घेऊन दारात उभा होतो," हेमकांत सांगत होता. "काका चपला घालून ओट्यावर बसलेले. शहाद्याच्या डॉक्टरकडे दहाचा नंबर लावलेला. आणि मला म्हणतात, जाय भाऊ, आते गरज नई."

कामिनीने चुलतभावाकडे पाहिलं. "का, ते नाही विचारलंस?"

"विचारलं. नुसते हसले."

कामिनीच्या वडिलांना, नानांना, जाऊन चौथा दिवस होता. प्रकाशा गावातलं घर बसायला आलेल्या बायांनी भरलं होतं. दवाखान्यातले डॉक्टर हेमकांतला म्हणाले होते, दोन दिवस आधी आणलं असतं तर हाती लागले असते. पुण्याहून येताना ते तिला फोनवर कळलं. तेव्हापासून ती एकच गोष्ट विचारत होती. नाना शिंक आली तरी शहादा गाठायचे. एकच दुखणं दोघांना दाखवून मगच विश्वास ठेवायचे. असा माणूस दारात गाडी उभी असताना घरात परत कसा गेला?

उत्तराची तिला भीती वाटत होती. ते तिच्यावर रुसून परत फिरले असतील.

"खेळच बनाडतस ना व तुम्ही?" कोपऱ्यातली लांबची आत्या म्हणाली. "खेळले एवढं काय काम ऱ्हास? पोर आखाजीले बी उनी नई."

खरंच होतं ते. तिची कंपनी मोबाइलवरचा शेतीचा गेम बनवत होती. मराठी खेळाडूंच्या तक्रारी तिच्याकडे होत्या. बाजारात आणायची तारीख ठरली आणि सुट्ट्या बंद झाल्या. दहा आठवड्यांत तिला एकही रविवार मिळाला नव्हता. जेवण टेबलावर यायचं. झोप लागली तर खुर्चीतच. गेमची चित्रं बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांचे फोन फाटकापाशी कुलपात ठेवून घेत.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात; ती गेली नाही म्हणून नाना फोनवर चिडले होते. "तू फोन उचलत नाहीस. माणसानं तुला गाठायचं कुठं?" तिने त्यांच्या मोबाइलवर गेमची चाचणीची प्रत पाठवून दिली. "यात 'अडचण कळवा' असं बटण आहे, नाना. तिथं लिहा. थेट माझ्या समोर येतं."

नानांनी ते मनावर घेतलं. शाळेत शिकलेल्या शुद्ध मराठीत ते लिहू लागले. 'तुमच्या गेममध्ये कापसाला रोज पाणी देतात. बोंडं सडतील.' 'केळीच्या घडाला टेकू नाही. वाऱ्यात झाड पडेल.' तिने ते सगळ्या टीमला वाचून दाखवलं. सगळे खूप हसले, आणि दुसऱ्या दिवशी गेममधल्या केळीला टेकू लागला. तेव्हा ती प्रत्येक तक्रारीला स्वतः उत्तर द्यायची. मग एक दिवसाआड देऊ लागली. शेवटी शेवटी तक्रारी उघडायलाही वेळ उरला नाही.

"फोन कुठे आहे त्यांचा?" तिने विचारलं.

जसोदाबाईंनी कमरेला खोचलेला मोबाइल काढून लेकीच्या हातात दिला. चार दिवस त्या तो अंगावेगळा करत नव्हत्या.

कामिनीने गेम उघडला. बटण दाबलं. नानांची शेवटची तक्रार वर आली. मंगळवार, सकाळी आठ वाजून वीस मिनिटं.

'बेटा, कालपासून छातीत भरल्यासारखं होतंय. डावा हात जड झालाय. दहाचा नंबर लावला आहे. पण तुझं मत हवं. तू इंटरनेटवर बघून सांग, जाऊ का? घाबरू नको.'

तिला मंगळवारची सकाळ आठवली. आदल्या सकाळपासून ती खुर्चीतून उठली नव्हती. मॅनेजर मागे येऊन उभा राहिला होता. तीन हजार तक्रारी पडून आहेत, नऊच्या आत पाटी कोरी हवी, म्हणाला. वाचायचं म्हटलं तर आठवडा गेला असता. तिने सगळ्या तक्रारींवर एकदम खूण केली. सगळ्यांना जाईल असं एकच उत्तर लिहिलं, आणि बटण दाबलं. पाटी कोरी झाली. टीमने टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

तिचा अंगठा काचेवर थांबला. खाली अजून काहीतरी होतं. तिने वर सरकवलं नाही.

"वाच ना," जसोदाबाई म्हणाल्या. मग बायांकडे वळल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मन्ही पोरले नावं ठेवू नका. काममा व्हती म्हनीसन उनी नई. पन एवढा काममा बी तिनी अर्धा घंटामा बापले उत्तर धाडं."

"माय, ऱ्हाऊ दे," कामिनी म्हणाली.

"काबर ऱ्हाऊ दे? ऐकू दे ना सगळासले. त्यासनी माले तीन डाव वाची दखाडं. पाठ शे माले."

हेमकांतने मान वर केली. जसोदाबाईंनी पदर नीट केला, आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक शब्द सुटा करून म्हटलं,

"तुमची अडचण आम्ही तपासली. कोणताही दोष आढळला नाही. निश्चिंत राहा. आपली, कामिनी."