बारा ओळींची बादली

तिसरी बादली तळाला टेकली तशी धुरपताबाईनं सुया हातात घेतल्या. दोन सुलट, दोन उलट. बारा ओळी झाल्या की दोर हलायचा. मग बादली ओढायची, घागरीत ओतायची, विणलेल्या टाक्यात खुणेचा लाल दोरा बांधायचा आणि बादली पुन्हा खाली सोडायची.

विहिरीच्या तळाला करंगळीएवढा झरा उरला होता. सून चांगुणा तिथं बसून वाटीवाटीनं बादली भरायची. वर मे महिन्याची माती भाजत होती आणि खाली म्हणे हुडहुडी भरायची. स्वेटर तिच्यासाठीच होता. उन्हाळ्यात लोकर विणणारी बाई म्हणून सगळी वस्ती हसून घ्यायची.

खरं तर सुया आल्या त्या भीतीपायी. पंधरवड्यापूर्वी शेजारच्या वाडीत अशीच तळाला बसलेली एक बाई हवा कोंडून मेली. तेव्हापासून धुरपताबाई काठावर वाकून सारखी हाक मारायची. "चांगुणा, हाइस का गं?" खालून "हाय, आत्या" आलं की दोन घटका बरं वाटायचं, पुन्हा छातीत धडधड. शेवटी पोरगी वैतागली. "आत्या, सारखं वरडायला लावू नका. हितं दम पुरंना. बादली भरली की दोर हलवते की मी."

नर्सबाईंनी नाडी पाहिली आणि गोळ्यांऐवजी सुया अन् लोकरीचे दोन गुंडे दिले. हात गुंतले की मन शांत राहतं, म्हणाल्या.

तरी धुरपताबाई दोराचं टोक पायाच्या अंगठ्याला गुंडाळूनच विणायला बसायची. आज अंगठा काचला होता. तिसऱ्या बादलीला तिनं दोर सोडवून रहाटाच्या खांबाला गुंडाळला आणि मांडी घातली. नजर होतीच की दोरावर.

सुया आपोआप चालू लागल्या. धडधड कधी थांबली ते तिलाही कळलं नाही. किती दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

साखराबाई रिकामी घागर घेऊन आली आणि बाजूला टेकली.

"टँकर न्हाईच का आजबी?"

"न्हाई."

"उस्मानाबाद लांब होतं तवा म्हनायचे, लातूर जिल्हा होऊ द्या. आता झाला. जिल्हा जवळ आला अन् पानी लांब गेलं." साखराबाईनं पदरानं मान पुसली. "तुमी मात्र लई निवांत बसून राहिलाव आज. हाक न्हाई, काई न्हाई."

"नर्सबाईचं औषध लागू पडलं म्हन की," धुरपताबाई हसली.

"बघू तरी. अगं बया, बाही झाली की वो पुरी!"

झाली होती खरी. धुरपताबाईला स्वतःचंच कौतुक वाटलं. तिनं बाही मांडीवर पसरली आणि शेवटच्या लाल दोऱ्यापासून बोटानं ओळी मोजायला घेतल्या. बारा झाल्या. वीस झाल्या. बोट पुढंच चाललं होतं. चौतिसाव्या ओळीवर ते थांबलं.

सुया खाली पडल्या.

"चांगुणा!"

विहिरीतून तिचाच आवाज परत आला. तिनं पुन्हा हाक मारली, साखराबाईनंही मारली. खालून "हाय" आलं नाही.

"कुनी तरी या रे!" साखराबाई वस्तीकडं तोंड करून ओरडली. धुरपताबाईनं खांबाचा दोर सोडवला आणि ओढू लागली. साखराबाईनंही दोर धरला.

"जड लागतंय," साखराबाई म्हणाली.

बादली वर आली. काठोकाठ भरलेली होती, वाटी आत बुडालेली. पोरीनं आपलं काम पुरं केलं होतं. दोर कधी हलला, किती वेळा हलला, ते त्या खांबालाच ठाऊक.