मधली पंचवीस मिनिटं

त्या पत्राला मध्यस्थांनी उत्तर दिलं नव्हतं. चार महिने ते टेबलावरच्या एका जाड पुस्तकात खुणेसारखं पडून होतं, आणि पुस्तकही त्या पानापुढे सरकलं नव्हतं. सहा वेळा त्यांनी उत्तर लिहायला घेतलं, सहाही वेळा कागद फाडला. भांडणाऱ्या नवराबायकोंची समजूत घालण्यात ज्यांचं उभं आयुष्य गेलं, त्यांना अकरा वर्षांच्या एका मुलीला काय लिहावं ते सुचत नव्हतं.

आज तिचे आईवडील समोर बसले होते. दोघांच्या हातात एकेक वही.

ते वेगळे राहू लागले त्याला दोन वर्षं झाली होती. सुट्ट्यांचा करार मध्यस्थांनीच लिहिला होता : प्रत्येक सुट्टी निम्मी आईकडे, निम्मी वडिलांकडे. तेव्हा त्या दोघांमधून विस्तव जात नव्हता. समोरासमोर आले की शब्दाने शब्द वाढायचा आणि मुलगी बॅग धरून मध्ये उभी राहायची. म्हणून मध्यस्थांनी एक कलम घातलं. आईने मुलीला तिसऱ्या मजल्यावर, दारातच निरोप द्यावा. वडिलांनी फाटकाबाहेर गाडीत बसून राहावं. परत सोडतानाही तसंच. भांडणं खरोखरच थांबली. त्या कलमाचा मध्यस्थांना मनातून अभिमान वाटत असे. पत्र आलं तेव्हापासून वाटेनासा झाला होता.

आता नवीनच वाद निघाला होता. वडिलांचं म्हणणं, ही मुलीला दर वेळी उशिरा पाठवते. आईचं म्हणणं, हाच उशिरा आणून सोडतो. वडिलांनी वाचून दाखवलं : ठरलेली वेळ दहाची, मुलगी गाडीत बसली दहा पंचविसाला. आईच्या वहीत दहाच्या ठोक्याला दार लावल्याची नोंद होती. परतीचंही तेच. गाडी सहाला फाटकाशी उभी, आणि दारावरची घंटी वाजली सहा पंचविसाला.

“मुलीला विचारलंत?” मध्यस्थांनी हळूच म्हटलं.

दोघांनीही विचारलं होतं. दोघांनाही “असंच” एवढंच उत्तर मिळालं होतं.

“तूच शिकवलं असशील असंच म्हणायला,” वडील म्हणाले.

“मी कशाला शिकवू? वळण बापाकडूनच आलंय. तुला कुठे होतास विचारलं, की तूही हेच म्हणायचास.”

भरपाई म्हणून वडिलांना या मोठ्या सुट्टीत दोन दिवस जास्त हवे होते. आई दोन तासही द्यायला तयार नव्हती. आज मिटलं नाही तर सोमवारी न्यायाधीश मुलीलाच बोलावून घेणार होते. उशीर कोण करतं, हे तिला सगळ्यांसमोर सांगावं लागणार होतं.

मध्यस्थांनी दोन्ही वह्या मागून घेतल्या आणि शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. अठरा महिन्यांच्या तारखा. चोवीस मिनिटं, पंचवीस, सव्वीस. कुठे खाडाखोड नाही. इतक्या वर्षांत या टेबलावर एकाच वेळी दोन खऱ्या वह्या कधी आल्या नव्हत्या. ती मिनिटं कुठे जातात, हे खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. त्यांचा हात पुस्तकावर होता. आतलं पत्र त्यांना पाठ झालं होतं.

“मध्यस्थ आजोबा, तुमच्या कागदात आईच्या दाराचं लिहिलंय, बाबांच्या गाडीचं लिहिलंय. जिन्याचं काहीच नाही. पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी एक रुंद पायरी आहे. तिथून दारही दिसत नाही आणि गाडीही. मी तिथे बसते. चालेल का? त्यांना सांगू नका, नाहीतर दोघांनाही वाटेल की मला त्यांच्याकडे यायचं नाहीये. तसं नाहीये. उत्तर शाळेच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठवा.”

तिथे बसून ती काय करत असेल? चार महिने हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नव्हता.

त्यांनी करार पुढे ओढला आणि त्या कलमाखाली दोन ओळी लिहिल्या. मुलीने दहाला निघावं, साडेदहाला पोचावं. परतताना सहाला निघावं, साडेसहाला पोचावं.

“तीन मजल्यांना अर्धा तास?” वडील म्हणाले. “गोगलगाय आहे का ती?”

“आणि हा अर्धा तास धरायचा कोणाच्या वाट्याला?” आईने विचारलं.

“कोणाच्याच नाही.”

“पण का?” दोघं एकदमच म्हणाली.

मध्यस्थांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “ते मला सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “दोघांच्याही वह्या खऱ्या आहेत, एवढं सांगतो.”

मग आईने वडिलांची वही स्वतःकडे ओढली आणि पानं उलटत राहिली. वडील कराराच्या त्या दोन ओळींकडे बघत होते.

“पायऱ्या किती आहेत गं?” त्यांनी विचारलं.

“मोजल्या नाहीत कधी.”

त्यांनी सही केली आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. दोन दिवसांचा विषय पुन्हा निघाला नाही.

ती दोघं गेल्यावर मध्यस्थांनी सातवा कागद घेतला. “चालेल. आता अर्धा तास आहे. उत्तराला उशीर झाला, माफ कर.” हा कागद त्यांनी फाडला नाही. पाकिटावर शाळेच्या ग्रंथालयाचा पत्ता घातला, तिकीट चिकटवलं आणि स्वतःच खाली निघाले.

ते परत आले तेव्हा कार्यालयातल्या टायपिस्टबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. “टपालपेटी तर फाटकालाच आहे. एक पत्र टाकायला एवढा वेळ?”

“टाकलं,” मध्यस्थ पँटला मागून लागलेली धूळ झटकत म्हणाले. “मध्ये जिना होता.”