जुन्या बांधणीची फाइल

“म्हणजे पाचर तुम्हीच मारलीत ना, काका?” नमिताने तिसऱ्यांदा विचारलं.

हिरामणकाका सुपारी कातरत राहिले. पेणच्या खाडीवरच्या बांधाला उघाडी, म्हणजे दरवाजे असलेली मोरी, आहे. भरती आली की तिचे दरवाजे आपोआप बंद करणारा प्रोग्रॅम काकांनीच लिहिलेला, रोह्याच्या कंपनीत असताना. मूळ लिखाण पुढे कुंडलिकेच्या पुरात गेलं. उरली ती कंपायलरने मशीनच्या भाषेत करून दिलेली फाइल. बारा वर्षं बिनतक्रार चालली. आता नव्या कॉम्प्युटरवर तिला नवे भाग जोडायला घेतले, तर एकही जुळेना. अमावास्येचं उधाण चार दिवसांवर आलेलं.

“भांडून गेलेला माणूस,” कंपनीचे मालक हैबतराव म्हणाले होते. “काहीतरी करून ठेवलंन.” पोलिसांत द्यायची तक्रार लिहून तयार होती. काकांच्या तोंडची कबुली तेवढी हवी होती, ती आणायला नमिताला धाडलं होतं.

सगुणाकाकींनी पोहे आणले. ज्याला अडकवायचं त्याच्या घरचं कसं खायचं? नमिता पटकन म्हणाली, “मला उपास आहे.”

“सोमवार धरतेस व्हय? मीपण,” काकी म्हणाल्या. आत जाऊन राजगिऱ्याचा लाडू घेऊन आल्या. नमिताने तो नुसता हातात धरला.

“कंपायलर तोच ना, सगळ्यांना खुला असलेला?” काकांनी विचारलं. “मग सोपं हाय गो. २०१५ साली त्याच्या लोकांनी मजकूर मेमरीत मांडायची रीतच बदलली. माझी फाइल त्याच्या आधीची. जुनी बांधणी नि नवी बांधणी जुळायची नाय.”

“कंपायलरवर ढकलणं सोपं असतं, काका.”

“ढकलत नाय. रीत बदलली, पण त्यांनी जुन्यांना टाकलं नाय. नवे भाग बांधताना एक ओळ घाल, जुन्या रीतीने बांधून देईल. कागद हाय?”

नमिताने पर्स जराशीच उघडली. आत चाचपलं. कागद नव्हता.

“राहू दे,” काका अडकित्ता खाली ठेवत म्हणाले. “आल्यापासून रेकॉर्डिंगला लावलायस तो फोनच बाहेर काढ. पर्समधून आवाज दबका येतो. सावकाश सांगतो, एक अक्षर चुकलं, तर खारं पाणी भातात शिरेल.”